काउंटर काढणारे साहेब

आमचे साहेब भांडारात रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी सुताराला बोलावून त्यांनी स्वतःच्या केबिनचं दार काढायला लावलं. दार काही मोडलेलं नव्हतं. चांगलं सागवानी, वर 'व्यवस्थापक' अशी पितळी पाटी. सुताराने दोनदा विचारून खात्री करून घेतली. साहेब म्हणाले, "अरे बाबा, दार असलं की लोक बाहेर उभे राहून खोकतात. मला त्या खोकण्याचा कंटाळा आलाय." पुढे ते दार मागच्या खोलीत दोन पिंपांवर आडवं पडलं आणि आम्ही सगळे त्यावर डबे मांडून जेवू लागलो. पाटी काढायचं कुणाला सुचलं नाही. फिलू मावशीचा डबा नेमका तिच्यावर यायचा, आणि तराजूवरचे वामनदादा रोज विचारायचे, "मावशी, आज व्यवस्थापकावर काय वाढलंय?"

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. आमचं भांडार म्हणजे सहकारी भांडार. गिरीज, भुईगाव, नंदाखाल अशा आसपासच्या गावांतल्या वाडीवाल्यांनी शेअर घेऊन उभं केलेलं. साखर, डाळ, चहा, तेल, साबण, मेणबत्त्या, काड्यापेट्या, सगळं मिळायचं. आणि सगळं मिळायचं ते काउंटरवरून. हा काउंटर म्हणजे एक लांबच्या लांब सागवानी फळी होती. अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे आम्ही. गिऱ्हाइकांनी कोपरं टेकून टेकून फळीची कड गुळगुळीत केली होती. शनिवारी रांग थेट रस्त्यावर जायची आणि रांगेतल्या बायका आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने आम्हालाच नावं ठेवायच्या.

मी गिरीजची. मॅट्रिक होऊन नुकतीच लागले होते, सगळ्यांत शेवटी, म्हणजे कुणाला काढायचं झालं तर सगळ्यांत आधी. मला ती नोकरी हवी होती हे सरळच सांगते. बाबांच्या केळीच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं होतं, तेव्हा पगार हवाच होता. पण पगार नसता तरी मला ती हवी होती. रोज सकाळी इस्त्रीची साडी नेसून वाडीबाहेर पडायचं, कुणीतरी आपल्याला 'बाई' म्हणायचं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आईने आपल्याला विचारून चहा ठेवायचा, याची एकदा चटक लागली की सुटत नाही.

साहेब नंदाखालचे. जन्म मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या स्टोअरमध्ये काढलेला, केस पिकल्यावर आमच्याकडे आले. उंच, काटकुळे, तपकिरी बुशशर्ट. त्यांच्याकडे बहुधा तसले तीन-चार शर्ट असावेत, नाहीतर तो एक कधी वाळायचा हा आमच्यात वादाचा विषय होता. सायकलवर यायचे. आणि सायकलवरून उतरले की दोन्ही हात पाठीमागे बांधायचे ते संध्याकाळी पुन्हा सायकलवर बसेपर्यंत. भांडारभर फिरायचे, वाकून बघायचे, वास घ्यायचे, पण मालाला बोट म्हणून लावायचे नाहीत. तांदळात किडे झालेत का बघायचं तर म्हणायचे, "बाई, जरा मूठभर वर काढ." आम्ही म्हणायचो, मुंबईची साहेबगिरी, दुसरं काय. शनिवारी त्यांच्या घरचं सामानसुद्धा फिलू मावशी पिशवीत भरून त्यांच्या सायकलला अडकवून द्यायची. मावशी नाक मुरडायची, "चहाची पुडी पण उचलवत नाही या माणसाला."

फिलू मावशी भुईगावची. नवरा लवकर गेलेला, मुलं मोठी झालेली, भांडाराचं कुलूप पहिल्यांदा उघडलं त्या दिवसापासून ती काउंटरवर होती. जीभ अशी की शनिवारच्या रांगेतल्या बायका आमच्याबद्दल काय वाटेल ते बोलायच्या, मावशीसमोर आल्या की नुसती यादी वाचायच्या.

या माणसाच्या कामाची तऱ्हाच वेगळी होती. काही बदलायचं असलं की आधी ते आम्हाला सांगत नसत, इनास टांगेवाल्याला सांगत. इनास स्टेशनावरून आमचा माल आणायचा. साहेब त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणायचे, "इनास, अजून ठरलेलं नाही, कुणाला बोलू नकोस." इनासला एवढं पुरे होतं. स्टेशन ते गाव, गाव ते स्टेशन, टांग्यात बसलेल्या प्रत्येकाला तो तीच शपथ घालून तीच बातमी सांगायचा. दोन दिवसांनी ती आमच्या घरी पोचायची, मग आम्ही जेवणाच्या वेळी दाराभोवती बसून तिच्यावर तावातावाने भांडायचो, आणि आठवड्याने साहेब चेहरा गंभीर करून जाहीर करायचे. तोपर्यंत आमचा अर्धा राग संपलेला असायचा.

मी एकदा विचारलंच, "साहेब, आम्हाला सरळ का नाही सांगत?"

"सरळ सांगितलं की तुम्हाला माझ्यासमोर मान डोलवावी लागते," ते म्हणाले. "मान डोलवणाऱ्याचं भांडण पोटात राहतं. ते बाहेर कुठेतरी होऊन गेलेलं बरं."

दुसरी तऱ्हा मंगळवारची. मंगळवारी जेवण झालं की अर्धा तास कुरकुरीचा. नियम एकच, त्या अर्ध्या तासात कुणी काहीही बोललं तरी ते धरून ठेवायचं नाही. सुरुवात ते स्वतः करायचे. तांदळाची भाकरी, भाजलेली सुकट आणि कांदा, हे त्यांचं जेवण कधी म्हणून बदललं नाही. तो डबा बंद करून, तोंड पुसून ते म्हणायचे, "चला. हा नवा मॅनेजर मला मुळीच पसंत नाही. मुंबईत चाललं नाही म्हणून इथे आलाय. आता पुढे कोण बोलतंय?" पहिल्या मंगळवारी सगळे भिंतीकडे बघत बसले. दुसऱ्या मंगळवारी फिलू मावशी बोलली, आणि साहेबांच्या बुशशर्टापासून सुरुवात करून तिने अर्धा तास पुरवला.

काउंटर काढायची बातमीही इनासच्या टांग्यातूनच आली. कल्पना मूळ आमच्या चेअरमनची. त्यांची मोठी वाडी होती, चर्चच्या समितीवर होते, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. मुंबईला मुलीकडे गेले असताना त्यांनी एक दुकान पाहिलं होतं. गिऱ्हाईक आत जातं, कपाटांतून हवं ते स्वतः उचलतं आणि दाराशी पैसे देऊन जातं. चेअरमन भारावून गेले. पण त्यांनी मनात जो हिशोब मांडला तो आम्हाला कळायला वेळ लागला नाही. गिऱ्हाईक स्वतः उचलणार म्हटल्यावर उचलून देणाऱ्यांना पगार कशाला? नाताळपर्यंत बघायचं आणि मग तिघांना निरोप द्यायचा असं भांडाराच्या समितीत ठरलं. तिघं कोण, हे सांगायची गरज नव्हती. फिलू मावशी वयाने, वामनदादा काउंटरवरच्या तराजूपाशी असायचे म्हणून, आणि मी शेवटी लागलेली म्हणून.

मी हे घरी बोलले नाही. बोलले असते तर आई म्हणाली असती, बरं झालं, आता स्थळं बघू.

त्या मंगळवारी कुणी कुरकुरलं नाही. मग साहेबच म्हणाले, "काउंटर जाणार. पण घरी कुणी जाणार नाही. हे मी तुम्हाला आज सांगतो."

वामनदादांनी विचारलं, "चेअरमनना मान्य आहे का हे?"

"त्यांना अजून विचारलेलं नाही."

"मग तुमच्या सांगण्याला काय अर्थ?" मी म्हणाले. मला राग आला होता आणि मंगळवार होता.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण तोंडातून गेलंय आता."

असा हा माणूस. आपल्या हातात नसलेली गोष्ट देऊन बसला, आणि पुढचे दोन महिने सायकलवरून येताना-जाताना स्वतःशीच पुटपुटत असायचा.

पावसाळा सरल्यावर सुतार पुन्हा आला. काउंटर काढायच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी भांडार लवकर बंद केलं आणि चहा-बटर मागवले. म्हणाले, "या फळीने इतकी वर्षं काम केलंय, तिला निरोप नको?" सगळ्यांना त्यांनी फळीवर चढून बसायला लावलं. आजवर जिच्यामागे उभे होतो तिच्यावर आम्ही पाय हलवत बसलो आणि चहा प्यायलो. फिलू मावशी चढायला तयार नव्हती. मग वर बसली आणि रडायला लागली. साहेबांनी तिला उगी म्हटलं नाही. रडणं संपल्यावर विचारलं, "मावशी, हिचं काय करू या?" मावशी पदराने नाक पुसत म्हणाली, "बाहेर दाराशी बाक करा. रांगेत पाय मोडलेत लोकांचे." तसाच बाक झाला.

वामनदादांचं दुःख वेगळं होतं. आता माल आधीच जोखून खाकी पिशव्यांत भरायचा, मग गिऱ्हाइकाला काटा दिसणार कुठे? "लोक म्हणतील, आत बसून काय भरतात कोण जाणे." साहेबांनी तराजू उचलवून थेट दाराशी ठेवला. ज्याला शंका असेल त्याने पिशवी ठेवून बघावी, वामनदादा जोखून दाखवतील. सुरुवातीला सगळेच जोखून घ्यायचे, आणि वामनदादा लग्नातल्या मुलाच्या बापासारखे ताठ उभे असायचे.

मग तो पहिला दिवस उजाडला. फादरनी येऊन आशीर्वाद दिला, वामनदादांनी दाराशी नारळ फोडला, चेअरमननी भाषण केलं आणि दोरी सोडून लोकांना आत घेतलं. भांडार भरून गेलं. नव्या रॅकवर खाकी पिशव्या, साबणाच्या वड्या, मेणबत्त्यांचे पुडे अशी सगळी मांडणी. लोक चर्चमध्ये मिस्साला उभे राहावेत तसे रॅकसमोर ओळीने उभे राहिले. हातात रिकाम्या टोपल्या. सगळं बघितलं, वाचलं, एकमेकांना दाखवलं. आणि कुणी कशालाही हात लावला नाही.

आम्ही वाट बघत होतो. गल्ल्यावरचा मुलगा पेन्सिलीला टोक काढत बसला. शेवटी पाचूबंदरची हिराबाय, मासे विकून झाल्यावर आमच्याकडे येणारं जुनं गिऱ्हाईक, मला म्हणाली, "गो बाय, साखर दे ना."

"हिराबाय, आता हाताने घ्यायची. ती बघ समोर."

"हातान्?" ती मागे सरकली. "माझ्या हातांना म्हावऱ्याचा वास हाय. आन् कोनी बगला त काय म्हनल? चोर हाव काय आमी?" आणि मग अगदी सहज म्हणाली, "आमीच उचलायचा त मग तू कशाला हाव?"

तिला बिचारीला काय माहीत की समितीतही हाच प्रश्न विचारला गेला होता. मी मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायले.

आता हे बाहेरच्या माणसाला गंमत वाटेल, पण आमच्याकडचं वळणच तसं. दुसऱ्याच्या वाडीतलं आपल्या हाताने घ्यायचं नाही, हे लहानपणी मार खाऊन शिकवलेलं. शेवग्याची शेंग वाटेवर लोंबत असली आणि मालकीण ओट्यावरून "घेऊन जा ग" म्हणाली, तरी आपण "हो हो" म्हणत पुढे जायचं. ती स्वतः आकडी घेऊन आली, शेंग काढून आपल्या हातात दिली, तर घ्यायची. तीही "कशाला, कशाला" म्हणत. हिंदू, ख्रिस्ती, कोळी, वाडवळ, या एका बाबतीत सगळे सारखे. चेअरमनना मुंबईत हे आठवलं नाही, आणि रॅक मांडताना आम्हालाही आठवलं नाही. आम्ही इतकी वर्षं काउंटरमागे उभे राहून देत आलो होतो, घेण्याचा विचार कोण करणार?

तो आठवडा भयंकर गेला. लोक यायचे, बघायचे, शेजाऱ्यांची चौकशी करायचे आणि समोरच्या वाण्याच्या दुकानात जाऊन सामान घ्यायचे. तिथे देणारा माणूस होता. वाणी आमच्याकडे बघून इतका गोड हसायचा की मला त्याचं तोंड बघवेना. चेअरमन रोज संध्याकाळी येऊन गल्ला बघायचे. शुक्रवारी म्हणाले, "हे असंच चाललं तर नाताळनंतर तिघं कशाला, भांडारच बंद करू." मी ते ऐकलं. घरी जाऊन जेवले नाही, आणि आईला सांगितलं पोट बिघडलंय.

साहेब मात्र गल्ल्याकडे फिरकले नाहीत. दिवसभर ते गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभे असायचे, हात पाठीमागे, समोर साखरेचा रॅक. गिऱ्हाइकं जशी बघायची तसे तेही बघायचे. फिलू मावशी मला कोपराने ढोसून म्हणाली, "हा बघ, काउंटर काढून आता स्वतःच गिऱ्हाईक झालाय."

मंगळवार आला. त्या दिवशी त्यांनी स्वतःला शिव्या दिल्या नाहीत. डबा बंद केला आणि म्हणाले, "लोकांना घ्यायला लाज वाटतेय. कुणीतरी घ्या म्हटल्याशिवाय कोण घेणार? लग्नात पंगतीला बसल्यावर आपण होऊन कुणी दुसरा लाडू मागतं का?"

"मग पाट्या लावू," वामनदादा म्हणाले. "मोठ्या अक्षरांत, 'घ्या' म्हणून."

"पाटी आग्रह करते का वामनराव? आग्रह माणसाने करायचा असतो." ते आमच्याकडे वळले. "आजवर तुम्ही वाढत होता. उद्यापासून वाढायचं नाही, आग्रह करायचा. एकेका रॅकपाशी एकेकीने उभं राहायचं आणि म्हणायचं, 'घ्या ना, तुमचंच आहे.' आणि ते खोटं नाही. शेअर त्यांचे आहेत, भांडार त्यांचंच आहे. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नाही, एवढंच."

फिलू मावशी म्हणाली, "एवढंच ना? मग काल का नाही बोललात?"

दुसऱ्या दिवशी मी साखरेपाशी उभी राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काउंटरच्या मागे माणूस झाकलेला असतो, इथे नुसती उभी. हिराबाय आली. मी घसा साफ करून म्हणाले, "घ्या ना हिराबाय, तुमचंच आहे." तिने माझ्याकडे बघितलं. मग पदराला हात पुसून दोन बोटांनी साखरेची एक पिशवी उचलली, टोपलीत ठेवली आणि दाराकडे बघितलं. तिथे वामनदादा तराजूपाशी उभे होते. त्यांनी मान डोलावली. हिराबाय हसायला लागली. "कोनी धरला नाय गो," ती म्हणाली, आणि चहाकडे वळली.

त्यानंतर काय सांगावं. आग्रह हा फिलू मावशीचा प्रांत. घरात एवढी लग्नं, एवढी बारशी काढलेली बाई ती. काड्यापेटी न्यायला आलेला माणूस तिच्या तावडीतून साबण, अगरबत्ती आणि मुलांसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन बाहेर पडायचा, आणि वर तिला "येतो मावशी" म्हणून जायचा. कुणी नको म्हटलं की ती विचारायची, "का, आमच्यावर रागावलात?" असं विचारलं की आमच्याकडचा माणूस टोपली पुढे करतोच. नाताळ जवळ आला तेव्हा रवा आणि बेदाणे रॅकवर टिकत नव्हते. समोरच्या वाण्याचं हसू बरंच कमी झालं.

भांडार वाचलं होतं, पण आम्ही तिघं वाचलो होतो की नाही ते अजून नक्की नव्हतं. गल्ला वाढला म्हणून चेअरमन खूश होते आणि लोकांना आता सवय झाली, तेव्हा ठरल्याप्रमाणे तिघांना मोकळं करायला हरकत नाही, असं समितीत एकाला म्हणालेही. ते इनासकडून आमच्यापर्यंत आलं. म्हणजे टांगा दोन्हीकडून चालू होता.

त्याच दिवशी साहेबांनी इनासला बाजूला घेतलं. मी जवळच मेणबत्त्यांचे पुडे मांडत होते म्हणून मला ऐकू आलं. "इनास, तुला म्हणून सांगतो. ही बायांना रॅकपाशी उभं करायची कल्पना माझी नाही. चेअरमनसाहेबांची. त्यांना गवगवा आवडत नाही, म्हणून ते कुणाला सांगत नाहीत. तूही बोलू नकोस."

इनास गेल्यावर मी म्हणाले, "साहेब, हे धडधडीत खोटं. पापांची कबुली द्यायला कुमसाराला गेल्यावर फादरना काय सांगणार?"

साहेब म्हणाले, "काय सांगणार? तोपर्यंत फादरनाही खरं वाटलेलं असेल."

आणि तसंच झालं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर लोकांनी चेअरमनना गाठलं. डोकं काय चालवलंत, साहेब. आमच्या फिलूला बरोबर ओळखलंत. मुंबईच्या दुकानाला जमलं नसतं ते तुम्ही केलंत. मी पाच पावलांवर आईबरोबर उभी होते. चेअरमन आधी गोंधळले, मग थोडे लाजले, मग म्हणाले, "अहो, आपल्या लोकांची नाडी कळायला लागते. नुसती कपाटं मांडून काय होतं?" फादरनी येऊन त्यांचा हात हातात घेतला. त्यानंतर तिघांना घरी पाठवायची भाषा कोण करणार? नाताळात समितीची सभा झाली तीत चेअरमननी स्वतः सांगितलं की रॅकवरच्या भगिनी हीच आपल्या भांडाराची शान आहे. वामनदादांना शान म्हटलं नाही म्हणून ते दोन दिवस रुसले होते, पण तराजूसकट राहिले.

त्या सभेनंतरच्या मंगळवारी साहेबांनी डबा बंद केला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "या चेअरमनच्या डोक्याला तोड नाही. हा मॅनेजर मात्र कामाचा नाही." आम्ही इतके हसलो की दार पिंपांवरून सरकलं. मी हसता हसता रडत होते आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. घरी गेल्यावर आईला सांगितलं, आता इतक्यात स्थळं बघू नकोस.

पुढे त्यांनी कितीतरी गोष्टी बदलल्या. पगाराचा दिवस बदलला, सुट्टीच्या पाळ्या बदलल्या, मला साखरेवरून गल्ल्याच्या हिशोबाला बसवलं आणि गल्ल्यावरच्या मुलाला साखरेवर उभं केलं. प्रत्येक वेळी आधी इनास, मग भांडण, मग मंगळवार. बदलला नाही तो फक्त बुशशर्ट, सुकट आणि ते पाठीमागे बांधलेले हात. मी लग्न केलं, तेही नोकरी राहील या अटीवर. फिलू मावशी गुडघ्यांमुळे घरी बसली. साहेबही निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले. त्याऐवजी सगळ्यांनी बाहेरच्या बाकावर बसून चहा-बटर घेतले. तीच ती काउंटरची फळी.

ते निवृत्त झाल्यावर एक-दोन महिन्यांनी, शनिवारी सकाळी, मी आत काम करत होते. सायकल लागल्याचा आवाज आला. साहेब बाकावर जरा टेकले, दम खाल्ला आणि कापडी पिशवी घेऊन आत आले. मला वाटलं, जुन्या सवयीने बघायला आलेत. ते सरळ चहाच्या रॅकसमोर जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे, पिशवी त्या हातांत लोंबकळत. मी म्हटलं, धूळ बघत असतील. मी आपली काम करत राहिले. बऱ्याच वेळाने मान वर केली तरी साहेब तिथेच. चहाकडे बघताहेत. साबणाच्या रॅकपाशी उभी असलेली नवी मुलगी त्यांना ओळखत नव्हती आणि संकोचून दुसरीकडे बघत होती.

मग माझ्या लक्षात आलं. शनिवार होता. नोकरीत होते तोवर त्यांची शनिवारची पिशवी आमच्यातलंच कुणी ना कुणी भरायचं, आधी फिलू मावशी आणि मग दुसरं कुणी.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "साहेब, तुम्हालासुद्धा?"

ते ओशाळले. मी त्यांना कधी ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. "अगं, नंदाखालचाच ना मी," ते म्हणाले. "मुंबईत इतकी वर्षं काढली, तरी दुकानात आपण होऊन काही उचललं नाही. कुणीतरी द्यायचं. त्या पहिल्या आठवड्यात तुम्ही सगळे म्हणत होता लोकांना काय झालंय. मी त्यांच्यात उभा राहून बघितलं, तर माझाच हात पुढे जाईना. म्हणून कळलं."

इतकी वर्षं आम्ही त्याला साहेबगिरी म्हणत आलो. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की पुडी काढून सरळ त्यांच्या पिशवीत टाकावी असं वाटलं. पण ते काम आमच्याकडून त्यांनीच काढून घेतलं होतं. मी रॅकच्या बाजूला माझ्या जुन्या जागी उभी राहिले आणि म्हणाले, "घ्या ना साहेब, तुमचंच आहे."

त्यांनी हात पाठीमागून काढले, पुडी उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि पिशवीत ठेवली. मग दोन पावलं पुढे जाऊन साखरेसमोर थांबले, हात पुन्हा पाठीमागे.

"आता साखरेलाही म्हण," ते म्हणाले.